ऑफलाइन एडिट आणि ऑनलाइन एडिट: यात इंटरनेट कुठेच नाही

ऐरोलीचा एक मुलगा गेल्या महिन्यात हार्ड डिस्क घेऊन ठाण्याला माझ्याकडे आला. पहिलीच शॉर्टफिल्म, एडिट पूर्ण झालेलं. डीआय, म्हणजे सिनेमाचं रंगकाम, करणाऱ्यांनी त्याला निरोप दिला होता, "ऑफलाइन लॉक झालं की ऑनलाइनला पाठव." त्याने दोन रात्री जागून सगळे रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज, क्लाउडवर चढवले आणि लिंक पाठवून दिली. तिकडून विचारणा आली, "एक्सएमएल कुठेय?" म्हणजे एडिटमधल्या कटांची नोंद असलेली फाइल. तो गोंधळला. मला म्हणाला, "दादा, ऑनलाइन म्हणजे नेटवर टाकणंच ना?"

त्याला दोष देता येणार नाही. शिकणाऱ्या मुलांना हे दोन शब्द नीट कोणी समजावून सांगत नाही. इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी ते एडिटच्या धंद्यात रुळले होते. ऑफलाइन म्हणजे मूळ फुटेजला हात न लावता, त्याच्या हलक्या प्रतीवर, म्हणजे प्रॉक्सीवर, केलेलं एडिट. कुठला शॉट घ्यायचा, कुठे कापायचं, काय आधी आणि काय नंतर, हे सगळं तिथे ठरतं. ठरलेलं सगळं मूळ फुटेजवर, पूर्ण दर्जात जसंच्या तसं उभं करायचं आणि त्यातून मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, काढायचा, ते ऑनलाइन. पहिल्यात निर्णय असतात, दुसऱ्यात त्यांची अंमलबजावणी.

फिल्मच्या जमान्यातही हेच चाले, नावं तेवढी वेगळी होती. एडिटर रश प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली कामाची प्रत, कापायचा, चिकटवायचा, परत उचकटायचा. निगेटिव्ह मात्र लॅबमध्ये जपून ठेवलेली असे. एडिट पक्कं झालं की फिल्मच्या कडेला छापलेले नंबर जुळवून निगेटिव्ह कापली जायची, आणि ती एकदा कापली की चूक निस्तरायला जागा नसायची. १९७१ साली आलेल्या सीएमएक्स ६०० या मशीनने तीच पद्धत व्हिडिओत आणली. पडद्यावर चित्र कृष्णधवल आणि हलक्या दर्जाचं दिसे. एडिटर त्यावर कट ठरवायचा आणि शेवटी हातात यायची ती कटांची यादी. त्या यादीवरून मूळ टेप जोडल्या जायच्या. ती यादी म्हणजेच ईडीएल. ऑनलाइनची खोली तासाच्या भाड्याने मिळायची आणि भाडं भारी असायचं, त्यामुळे विचार करायला तिथे कोणी बसत नसे. विचार बाहेर, स्वस्त मशीनवर उरकून यायचा.

आता लॅपटॉपवर फोर-के चालतं, मग ही विभागणी कशाला, असं वाटेल. आकडे पाहा. २५ फ्रेमचं फोर-के यूएचडी फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यू या भारी दर्जाच्या फॉरमॅटमध्ये तासाला साधारण ३३२ जीबी जागा खातं. तेच १०८० आकारात प्रोरेस प्रॉक्सी या हलक्या फॉरमॅटमध्ये केलं की तासाला १७ जीबी. वीस तासांचे रशेस असतील तर पहिल्यासाठी साडेसहा टीबीहून जास्त जागा लागते, दुसरं साध्या अर्ध्या टीबीच्या डिस्कवर मावतं. ती डिस्क पिशवीत टाकून ट्रान्स-हार्बरने वाशीला नेता येते आणि घरच्या लॅपटॉपवर न अडखळता कापता येतं.

लग्नाचा व्हिडिओ करणाऱ्याला, म्हणजे ज्याचं फुटेज, एडिट आणि रंगकाम एकाच मशीनवर होतं त्याला, हा फरक फारसा जाणवत नाही. प्रॉक्सी चालू-बंद करायचं एक बटण असतं, बाकी सॉफ्टवेअर बघून घेतं. पण काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, एडिट ठाण्यात आणि डीआय अंधेरीत अशी वाटणी झाली, की दोन्ही टप्पे पुन्हा वेगळे होतात. मग दोघांमधला दुवा एकच: क्लिपचं नाव आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा. एक्सएमएल किंवा ईडीएलमध्ये चित्र नसतंच. 'अमुक नावाच्या क्लिपमधून या टाइमकोडपासून त्या टाइमकोडपर्यंत' एवढंच लिहिलेलं असतं.

याचा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. दोन दिवसांचं शूट होतं, एक दिवस उपवन तलावावर, एक नौपाड्यातल्या एका स्वयंपाकघरात. कॅमेऱ्यात सेटिंग असं होतं की कार्ड फॉरमॅट झालं की क्लिपची नावं पुन्हा सी०००१ पासून सुरू व्हायची. टाइमकोडही दोन्ही दिवशी शून्यापासून. मी दोन्ही दिवसांच्या प्रॉक्सी एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या क्लिपांना कॉम्प्युटरने नावापुढे आपोआप आकडा लावला, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. माझ्या टाइमलाइनवर सगळं बरोबर दिसत होतं. पलीकडे कन्फॉर्म केलं, म्हणजे यादीवरून मूळ क्लिपा बसवल्या, तेव्हा बाई तलावाकाठी वळून बघते तो शॉट जायला हवा तिथे गॅसवर उतू जाणारं दूध आलं. दोन्ही सी००१४. लांबी पुरेशी होती, टाइमकोड जुळत होता, त्यामुळे मशीनने तक्रारही केली नाही. अख्खा दिवस एकेक शॉट डोळ्यांनी ताडून बसवावा लागला. तेव्हापासून कार्ड उतरवतानाच दिवस आणि कार्ड यांच्या नावाचं रील नाव देतो, प्रॉक्सी त्यानंतर.

प्रॉक्सी करताना नाव, टाइमकोड, फ्रेम रेट आणि ऑडिओचे चॅनल मूळ क्लिपसारखेच राहिले पाहिजेत. चित्राचा आकार मात्र लहान केलेला चालतो, तो लहान करण्यासाठीच तर प्रॉक्सी आहे. पण त्यातही एक खाच आहे. १०८० च्या टाइमलाइनवर १०८० ची प्रॉक्सी १०० टक्क्यांवर नीट बसते. तिच्या जागी ३८४० रुंदीची मूळ क्लिप त्याच १०० टक्क्यांवर आली की चित्राचा मधला चौथा हिस्साच दिसतो. मग ज्या शॉटमध्ये तुम्ही हाताने झूम केलं आहे तिथे हिशोब कोलमडतो. वेग बदललेल्या शॉटचंही तसंच. अशा शॉटांची वेगळी यादी हाताने लिहून पाठवावी असं माझं ठाम मत आहे, कितीही जुनाट वाटलं तरी.

एक्सएमएलबरोबर लॉक केलेल्या एडिटचा रेफरन्स व्हिडिओही द्यायचा, टाइमकोड चित्रावर छापलेला. ऑनलाइन करणारा तो कन्फॉर्म केलेल्या टाइमलाइनच्या वर ठेवतो आणि दोन चित्रांतला फरक तेवढा दाखवणारा डिफरन्स मोड लावतो. दोन्ही चित्रं सारखी असली की पडदा जवळपास काळा होतो. कडांवर थोडी चमक राहते, कारण खालचं चित्र मूळ फुटेजचं, धारदार, आणि वरचं मऊ. पण शॉट एका फ्रेमने जरी सरकला असेल तर चालणाऱ्या माणसाची दुहेरी बाह्यरेषा काळ्यात उजळून उठते. ती एकदा पाहिलेली नजर पुन्हा फसत नाही. आवाजासाठी एएएफ, म्हणजे साउंडवाल्यांसाठीची फाइल, वेगळी जाते आणि चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवतात, म्हणजे सिंक तपासता येतो.

आता आणखी एक गोंधळ, ज्याने नवी मुलं सर्वांत जास्त घाबरतात. प्रोजेक्ट उघडला की लाल पडदा येतो: 'मीडिया ऑफलाइन'. याचा ऑफलाइन एडिटशी काही संबंध नाही. फाइल जिथे होती तिथे सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क लावलेली नसेल, फोल्डरचं नाव बदललं असेल. फाइल पुन्हा दाखवून दिली की काम झालं. मदत मागताना मात्र 'माझं ऑफलाइन गेलं' एवढंच लिहिलं, तर अनुभवी माणूस कट हरवला असं समजतो आणि उत्तर भलत्याच दिशेला जातं. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, कॅमेरा, क्लिपचा फ्रेम रेट आणि पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी लिहिली की निम्मं काम तिथेच होतं.

इंटरनेटवरून चालणारी कामंही आहेतच. फ्रेम डॉट आयओ या वेबसाइटवर दिग्दर्शक घरी बसून कटवर शेरे मारतो. ही कंपनी २०२१ मध्ये अडोबीने विकत घेतली. पण ते शेरे कटबद्दल असतात, म्हणजे नेटवरून होत असलं तरी ते काम ऑफलाइनचंच. सराव करायचा तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे, आणि ब्लॅकमॅजिक तिची प्रशिक्षणाची पुस्तकं फुकट उतरवून घेऊ देते.

ऐरोलीच्या त्या मुलाला मी पाचच मिनिटांचा तुकडा घ्यायला लावला. प्रॉक्सी करायची, कापायची, एक्सएमएल काढायचा, नव्या प्रोजेक्टमध्ये मूळ क्लिपांवर कन्फॉर्म करायचा. डिफरन्स मोड लावल्यावर सतरा कटांपैकी सोळा काळे झाले. सतरावा त्याने झूम केलेला होता. तो स्वतःच म्हणाला, "दादा, हा यादीत लिहायचा होता," आणि वही पुढे ओढली.