थांबल्यानंतरची आठ मिनिटं

माझा मुलगा खो-खो खेळतो. पळती चांगली आहे त्याची. पहिल्या तुकडीत उतरतो, हुलकावण्या देत तीन-साडेतीन मिनिटं सहज काढतो आणि बाद झाला की कडेला येऊन बसतो. त्याचा त्रास तिथून पुढे सुरू होतो. बसल्यावर मिनिटा-दोन मिनिटांनी एक कोरडा खोकला येतो, मग दुसरा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला खांदे वर चढलेले असतात, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि श्वास सोडताना बारीक शिटी ऐकू येते.

त्याच्या सरांना हे नाटक वाटायचं. "मॅडम, पळताना काही झालं नाही ना त्याला? मस्त पळाला. बसल्यावर कसला दमा? पुढची पाळी आक्रमणाची आहे, उठून मारायला लागणार, म्हणून खोकतोय." मला आठवडाभर राग धुमसत होता. पण मी जीवशास्त्र शिकवते, आणि शांतपणे वाचायला बसल्यावर लक्षात आलं की सर खोटं बोलत नव्हते. त्यांना जे दिसत होतं तेच ते सांगत होते. या आजाराची चालच अशी आहे की तो मुलाला खोटं पाडतो. ही चाल पालकांना आणि मैदानावरच्या प्रत्येक सरांना माहीत असायला हवी, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या भाषेनंही या मुलांवर थोडा अन्याय केला आहे. दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे धमकही. कबड्डीत दम घुमवायचा असतो, भाषणात दम असतो, पोरात दम असतो किंवा नसतो. त्यामुळे दमा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतं, की याच्यात दमच नाही. हा शब्द इतका टोचतो की घरातही तो उच्चारला जात नाही. 'ॲलर्जीचा खोकला आहे', 'छाती भरते कधीकधी', असं आपण म्हणतो. मीसुद्धा दीड वर्ष तेच म्हणत होते. आईच ठामपणे सांगत नाही तो आजार सरांनी कसा मानायचा?

आता त्या श्वासनलिकांत काय घडतं ते पाहू. शांत बसलेलं दहा वर्षांचं मूल मिनिटाला पाच-सहा लिटर हवा आत घेतं. जोरात धावताना हाच आकडा पन्नास लिटरच्या घरात जातो. नाकाचं काम हवा गाळून, ऊबदार आणि ओलसर करून आत सोडण्याचं. एवढ्या हवेला नाक पुरत नाही, तोंड उघडतं आणि कोरडी हवा थेट आत शिरते. तिला ओलावा पुरवायचा तर तो श्वासनलिकांच्या अस्तरावरच्या पाण्याच्या पातळ थरातूनच द्यावा लागतो. तो थर आटतो, त्यातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं. दमा असलेल्या मुलाच्या अस्तराला आधीच सूज असते, तिथल्या मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या पेशी, चिडलेल्या असतात. क्षार वाढले की त्या हिस्टामाइन आणि ल्युकोट्राइन यांसारखी रसायनं सोडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट स्राव साचतो. आत घेतलेली हवा बाहेर निघायला जागा उरत नाही. म्हणून शिटी वाजते ती श्वास सोडताना.

पण हे सगळं थांबल्यावर का? धावताना मोठमोठे श्वास नळ्यांना आतून ताणून धरतात, त्यामुळे आवळणाऱ्या स्नायूंचा जोर चालत नाही. मूल थांबतं, श्वास लहान होतात, ताण सुटतो. रसायनं मात्र तोवर सुटलेली असतात. त्यामुळे बहुतेक मुलांत त्रास थांबल्यानंतर पाच ते दहा मिनिटांनी सर्वांत जास्त असतो आणि अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. साध्या दमण्याची गत उलटी. निरोगी मूल थांबताक्षणी सर्वांत जास्त धापा टाकतं आणि दोन-तीन मिनिटांत सावरतं. सर नेमकी ती पहिली दोन मिनिटं बघतात. मग शिट्टी वाजवून पुढच्या तुकडीकडे वळतात.

याहूनही अवघड भाग पुढे आहे. साधारण निम्म्या मुलांत असा एक झटका येऊन गेला की पुढचे एक ते तीन तास नळ्या फारशा दाद देत नाहीत. त्या काळात पुन्हा धावलं तर त्रास कमी होतो किंवा होतही नाही. मैदानावर हे कसं दिसतं बघा. मूल पळालं, बसल्यावर खोकत राहिलं, सरांनी ओरडून अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा उभं केलं, आणि ते व्यवस्थित पळालं. सरांना पुरावा मिळाला, की दोन शब्द सुनावले तेव्हा कुठे सुधारला. मुलालाही वाटायला लागतं, की खरंच आपण नाटक करतो की काय. माझ्या मुलानं एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारलं, "आई, मी मुद्दाम करतो का गं?" तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी मी पीक फ्लो मीटर आणला. प्लास्टिकची नळी, काही शे रुपयांत मिळते. पूर्ण श्वास भरून एका झटक्यात फुंकायचं, काटा मिनिटाला किती लिटरच्या वेगानं हवा सुटली ते दाखवतो. प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर त्याला सहा मिनिटं जोरात पळवलं. निळा पंप, म्हणजे आवळलेल्या नळ्या लगेच सैल करणारा साल्ब्युटामॉलचा इनहेलर, आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, हातात तयार होता. पळण्याआधी २९०. थांबल्याबरोबर २८०. आठव्या मिनिटाला २१०. पाऊण तासानं २७५. मुलांमध्ये धावल्यानंतर हा आकडा १५ टक्क्यांहून जास्त पडला तर दम्याकडे बोट जातं. इथे २८ टक्क्यांनी पडला होता. निदान अर्थात डॉक्टरांनी करायचं, आणि ते त्यांनी श्वासाच्या चाचण्या करून नीट केलं. पण पोरगा त्या कागदाकडे बघत म्हणाला, "म्हणजे काट्यालाही कळतं." मला तेवढं पुरलं.

तो कागद घेऊन मी सरांकडे गेले. मैदान सुटल्यावर, इतर पालक निघून गेल्यावर. चारचौघांत कुठल्याही सरांना चूक मान्य करता येत नाही, आणि त्यांची चूक दाखवणं हे माझं काम नव्हतंच. पहिल्यांदा त्यांनी तेच सांगितलं जे सगळीकडे ऐकू येतं. "आमच्या वेळी असले आजार नव्हते." आजार होते, नावं नव्हती. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जागतिक अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी जेमतेम १३ टक्के आपल्याकडे, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे. दम्यानं माणूस मरतो हे आपण मनावरच घेत नाही, त्याचा हा आकडा.

मग त्यांचं दुसरं म्हणणं, स्टॅमिना वाढला की दमा जाईल. यात निम्मं खरं आहे. व्यायामानं दमेकरी मुलांची ताकद वाढते, रोजचा त्रास कमी होतो. म्हणून मूल मैदानावर हवंच, मी त्याला घरी बसवायला आलेच नव्हते. पण अस्तराची सूज राउंड मारून उतरत नाही. अमेरिकेची ॲथलीट जॅकी जॉयनर-कर्सी हिला दमा होता. तिनं १९८८ मध्ये हेप्टॅथलॉनमध्ये, म्हणजे सात क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेत, केलेला ७,२९१ गुणांचा विश्वविक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि दमा तिच्यासोबत होताच. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामानं श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता. त्या ६७ जणांनी ४१ पदकं मिळवली. त्यांचा त्रास आधी ओळखला गेला होता आणि त्यावर उपचार झाले होते.

तिसरा मुद्दा मला अनपेक्षित होता. "पंप म्हणजे डोपिंग ना? उद्या राज्याच्या निवडीत अडकला तर?" ही भीती आली कुठून तेही समजून घ्यावं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डिमाँट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा पोहण्याची ४०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागानं जिंकला. त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन होतं. त्यानं ते औषध आपल्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. संघाच्या डॉक्टरांनी पुढे काही केलं नाही. सुवर्णपदक काढून घेतलं, १५०० मीटरची अंतिम शर्यत पोहूही दिली नाही. पुढच्याच वर्षी बेलग्रेडला त्यानं ४०० मीटर ३ मिनिटं ५८.१८ सेकंदांत पोहून दाखवलं. चार मिनिटांच्या आत पोहणारा तो जगातला पहिला. मुलानं आपलं काम चोख केलं होतं, मोठ्यांनी कागद वाचला नाही. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीला हे मान्य करायला २००१ साल उजाडलं. आज नियम स्पष्ट आहेत. पंपातून घेतलेल्या साल्ब्युटामॉलला परवानगी आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पर्यंत. एका फवाऱ्यात १०० असतात. गोळी किंवा सिरप मात्र चालत नाही.

सिरपचं निघालं म्हणून सांगते. 'पंपाची सवय लागेल, त्यापेक्षा औषध पाजू' असं म्हणणाऱ्या आज्या घरोघरी आहेत, माझ्या सासूबाईही त्यातल्याच. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात २ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे वीस फवाऱ्यांएवढं. ते पोटातून, रक्तातून सगळीकडे फिरतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थोडक्यात थेट जागेवर पोचतो. हे मांडून दाखवल्यावर सासूबाईंनीच बाटली बाजूला ठेवली.

डॉक्टरांनी माझ्या मुलासाठी दोन पंप ठरवले. निळा खेळायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, स्पेसर लावून दोन फवारे. दुसरा स्टेरॉइडचा, रोजचा, सूज उतरवणारा. पहिला आवळलेला स्नायू सैल करतो, पण आतली सूज तशीच राहते. रोज नुसता निळाच घेत राहिलं तर त्याचं संरक्षणही हळूहळू फिकं पडतं, म्हणून निळ्याची गरज वारंवार लागत असेल तर रोजचा पंप डॉक्टरांशी बोलून ठरवायलाच हवा. स्टेरॉइड या शब्दानं मीही दचकले होते. अमेरिकेत शेकडो मुलांना काही वर्षं रोज असा पंप देऊन मोठेपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला गेला, तेव्हा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. हा तोटा खरा आहे, तो लपवू नये. पण रात्र रात्र उशाशी बसून मुलाच्या बरगड्या मोजलेल्या आईला विचारा, ती सव्वा सेंटिमीटर देऊन टाकेल.

सरांकडून मला हवं होतं ते वेगळंच. वॉर्म-अप. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी सहाला हवा थंड आणि कोरडी असते, मैदानाची माती उडते, कडेला कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो आणि कुंपणाला गाजर गवत माजलेलं असतं. या गवताच्या देशातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९५० च्या दशकातली, पुण्यातलीच आहे आणि त्याच्या परागांची ॲलर्जी अनेकांना आहे. अशा हवेत गार अंगानं थेट डाव सुरू केला की झटका ठरलेला. पण आधी दहा-पंधरा मिनिटं हलकं पळून, मधूनमधून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या जोरदार धावा घेतल्या तर तो मघाचा दाद न देणारा काळ बऱ्याच मुलांत मोठ्या झटक्याशिवाय मिळवता येतो. मुलाला खोटं पाडणारी तीच गोष्ट इथे त्याच्या कामी येते.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "द्या ते इकडे," आणि स्वतः मीटरमध्ये फुंकलं. ५६०. त्यांनी काटा शून्यावर आणला, पुन्हा फुंकलं, पुन्हा तेवढंच. २१० च्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे मुद्दाम कमी फुंकता येतं की नाही?" प्रश्न रास्त होता. येतं, मी म्हणाले. म्हणून तीनदा फुंकायचं. मुद्दाम केलेले आकडे सहसा एकमेकांना धरून राहत नाहीत, त्याचे २१०, २०५, २१० असे होते.

त्या दिवसापासून सरांच्या किटबॅगेत क्रेप बँडेज आणि दुखण्याच्या स्प्रेशेजारी झिपच्या पिशवीत एक निळा पंप आणि स्पेसर असतो. सोबत माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. ताठ बसवा, झोपवू नका. एकेक करून चार फवारे, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही फरक नाही, किंवा वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, शिटी अचानक बंद झाली पण मूल सावरलेलं नाही, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा. शिटी बंद होणं कधीकधी सर्वांत वाईट असतं, कारण आवाज करण्याइतकीही हवा हलत नसते. ही ओळ मी लाल शाईनं लिहिली आहे.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. "मॅडम, मोठ्या गटातली एक मुलगी आहे. तिलाही शिटी वाजते. तुमच्या पोरासारखंच. दोन फवारे देऊ का?" मी विचारलं, शिटी श्वास सोडताना की घेताना? ते मैदानावरूनच बोलत होते, "थांबा, बघतो," म्हणाले. पाच मिनिटांनी परत फोन. घेताना. गळ्याशी. आणि पळणं थांबवलं की दोन-तीन मिनिटांत पार नाहीशी. मग तो बहुधा दमा नव्हे, मी सांगितलं. काही मुलांच्या, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींच्या, स्वरयंत्राच्या पट्ट्या जोरात पळताना जवळ येतात, त्यावर पंप चालत नाही, श्वासाचे व्यायाम शिकवावे लागतात. तिच्या आईबाबांना सांगा, छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना पळतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. सर म्हणाले, व्हिडिओ काढलाय, थांबल्यानंतरची दहा मिनिटंही काढली आहेत.