अमेरिकी फौजेतल्या नवऱ्याशी घटस्फोट : पेन्शनचा हिस्सा आणि एसबीपीची एक वर्षाची मुदत

कोर्टाने पेन्शनमध्ये हिस्सा दिला, हुकूमनामा हातात आला, की काम झालं असं समजून फाइल कपाटात जाते. घोळ तिथेच होतो. निवृत्तिवेतन वाटणाऱ्या लष्करी लेखा कार्यालयाकडे, म्हणजे डीफासकडे, हा कागद तुमच्यासाठी दुसरं कोणी पाठवेल असं धरून चालू नका.

आधी एक गैरसमज. 'दहा वर्षं संसार झाला नाही, म्हणून हिस्सा नाही' हे चूक आहे. लग्नाची दहा वर्षं आणि त्याच काळात नोकरीची दहा वर्षं ही अट फक्त डीफासने थेट तुम्हाला पैसे देण्यासाठी आहे. ती बसली नाही तरी लष्करी पेन्शनच्या वाटणीबद्दलच्या १९८२च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे राज्याचं कोर्ट पेन्शन वाटू शकतं; मग वसुली नवऱ्याकडून करायची, आणि ती किती सुखाची असते ते सांगायला नको.

थेट हिश्श्यासाठी डीडी २२९३ हा फॉर्म आणि कोर्टाच्या क्लार्कने प्रमाणित केलेली हुकुमाची प्रत लागते. फॉर्म सोपा आहे, अडतो तो हुकूम. त्यात ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी हवी; 'योग्य तो हिस्सा' असं लिहिलेलं चालत नाही. नवरा अजून नोकरीत असेल आणि घटस्फोट २३ डिसेंबर २०१६ नंतरचा असेल, तर घटस्फोटाच्या दिवशी धरलेला त्याचा सरासरी पगार (सर्वाधिक पगाराच्या ३६ महिन्यांची सरासरी) आणि तोवरची सेवेची वर्षंही हुकुमात हवीत. हे बऱ्याच वकिलांनाही ठाऊक नसतं. शिवाय केवळ त्याची पोस्टिंग तिथे आहे म्हणून त्या राज्याच्या कोर्टाला पेन्शन वाटता येत नाही. तो तिथला कायमचा रहिवासी हवा किंवा त्याची संमती हवी.

आपल्याकडच्यांसाठी दोन गोष्टी. हुकुमात लग्नाची तारीख नसेल तर विवाह प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. आणि पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या हुकुमावर विसंबू नका. परदेशी कोर्टाचा हुकूम पाळायचा करार त्या देशाशी असेल तरच तो १९८२च्या त्या कायद्यात बसतो.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी बाब. पेन्शनचा हिस्सा नवऱ्याच्या मृत्यूबरोबर थांबतो. पुढची सोय एसबीपी (सर्व्हायवर बेनिफिट प्लॅन) या योजनेतून होते; तो वारल्यावर मागे राहिलेल्याला तिच्यातून दरमहा पैसे मिळतात: आधारभूत रकमेच्या, म्हणजे पेन्शनपैकी योजनेसाठी धरलेल्या रकमेच्या, ५५ टक्के, म्हणजे ३,००० डॉलरवर महिना १,६५० डॉलर. लग्नात घेतलेलं 'पत्नी' म्हणून संरक्षण घटस्फोटाने संपतं. 'माजी पत्नी' म्हणून ते नव्याने नोंदवावं लागतं. निवृत्त नवऱ्याने डीडी २६५६-१ भरायचा, घटस्फोटापासून एक वर्षात. त्याने भरला नाही तर तुम्ही डीडी २६५६-१० भरायचा, पण तुमचं वर्ष एसबीपी देणाऱ्या पहिल्या हुकुमाच्या तारखेपासून मोजतात. आणि त्या मुदतीत अर्ज डीफासकडे पोचलेला असायला हवा. पाकिटावरचा टपालाचा शिक्का कामाचा नाही. 'तो भरतो म्हणाला होता' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता सांगते : त्याने भरला असं म्हटलं तरी तुमचा अर्ज वेगळा पाठवा, आणि पोच सांभाळून ठेवा. तो अजून नोकरीत असला तरी थांबू नका.

पुन्हा लग्नाचा विचार असेल तर वय बघा. ५५ पूर्ण होण्याआधी लग्न केलं तर एसबीपी थांबते. ते लग्न मोडलं किंवा तो दुसरा नवरा वारला तर परत सुरू होऊ शकते. पेन्शनच्या हिश्श्याला मात्र, हुकुमात तसं लिहिलं नसेल तर, दुसऱ्या लग्नाने धक्का लागत नाही.