आरपार छत्री आणि काळ्या पाठीची छत्री: पोर्ट्रेटला कुठे कोणती?

नाशकात फोटोच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘अंब्रेला दाखवा’ म्हटलं, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवायची छत्री, की काउंटरवर दोन छत्र्या येतात. एक दुधासारखी पांढरी, दुसरी बाहेरून काळी आणि आतून चंदेरी किंवा पांढरी. दांडा तसाच, काड्या तशाच, स्टँडवरच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही सारख्याच बसतात. मग घेणारा रंग बघून एक उचलतो आणि घरी जाऊन, मित्राला दुसरी जशी लावताना पाहिलेलं असतं तशीच ही लावतो. काळी छत्री तिच्या पाठीवर फ्लॅश मारून लावलेली मी पाहिली आहे, आणि ‘फ्लॅश खराब आहे’ म्हणून तो फ्लॅश दुरुस्तीला गेलेलाही.

पांढरी म्हणजे थ्रू अंब्रेला. फ्लॅशचं तोंड माणसाकडे, मध्ये छत्री, छत्रीची फुगीर बाजू माणसाकडे. उजेड कापडातून आरपार जातो. काळी म्हणजे रिफ्लेक्टर अंब्रेला. तिथे फ्लॅश माणसाकडे पाठ करून उभा असतो, उजेड छत्रीच्या पोटात आपटतो आणि परत फिरून चेहऱ्यावर येतो. छत्रीची पोकळ बाजू माणसाकडे राहते.

इथवर सगळ्यांना कळतं. गोंधळ पुढे होतो. ‘पांढरीचा लाइट सॉफ्ट, काळीचा हार्ड’ हे वाक्य मी शिकत होतो तेव्हापासून ऐकतोय आणि बरीच वर्षं मीही तेच सांगत होतो. मग एकदा अंधार पडल्यावर गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्या रानात दोन छत्र्या घेऊन गेलो. एकाच मापाच्या, काळीचं पोट पांढऱ्या कापडाचं. एकाच मित्राला उभं केलं आणि छत्रीचं कापड त्याच्या चेहऱ्यापासून दोन्ही वेळा सारख्याच अंतरावर ठेवलं. नाकाची सावली जिथे संपते ती कड दोन्ही फोटोंत जवळपास सारखी होती. फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे मलाही पटकन सांगता येईना.

कारण सावलीची कड किती मऊ होणार हे चेहऱ्याच्या जागेवरून उजेडाचा गोळा केवढा दिसतो त्यावर ठरतं. छत्री मोठी किंवा जवळ असेल तर कड मऊ, लहान किंवा लांब असेल तर कड धारदार. आरपार आली की आपटून आली याचा त्यात फारसा हात नाही. चंदेरी पोटाची गोष्ट थोडी वेगळी. ती उजेड जास्त परत देते आणि त्याला एक चमक आणते. येवल्याच्या पैठणीचा जर तिच्यासमोर असा उजळतो की पांढऱ्या कापडाने तो तसा उजळत नाही. पण चेहऱ्याला घाम किंवा तेल असेल तर तीच चमक कपाळावरही येते.

मग घरात काढलेल्या फोटोत पांढरी जास्त मऊ का वाटते? खोलीमुळे. पांढऱ्या कापडातून सगळा उजेड पुढे जात नाही, बराचसा मागे फेकला जातो. तो मागच्या भिंतीवर, छतावर, जमिनीवर आपटतो आणि तिथून येऊन चेहऱ्याची सावलीची बाजू भरून काढतो. म्हणजे तुम्ही एक छत्री लावता आणि अख्खी खोली दुसरी छत्री होते. धरणावर भिंतीच नव्हत्या, म्हणून तो फरकही नव्हता.

हे नीट समजलं ते जुन्या नाशकातल्या एका वाड्यात. ऐंशीच्या पुढच्या एका आजींचं पोर्ट्रेट काढायचं होतं. माजघर अंधारं, तुळया हाताला लागतील एवढ्या खाली, आणि भिंतींना पोपटी ऑइलपेंट. मी १०९ सेंमीची पांढरी छत्री आजींच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाची बाजू सुंदर दिसली, पण दुसऱ्या बाजूची हनुवटी, मान आणि पांढऱ्या केसांची कड हिरवट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगांची जुळवणी, फिरवून हिरवं काढायला गेलो तर उजेडाचा गाल जांभळट व्हायला लागला. दोन बाजूंना दोन रंगांचे उजेड, ते एका आकड्याने कसे जुळणार?

गाडीतून काळी छत्री आणली, १५२ सेंमीची. तिचा उजेड मागे जात नाही, तो एकाच दिशेला येतो. हिरवा गेला. पण भिंतीची मदतही गेली, आणि सावलीतल्या सुरकुत्या एवढ्या खोल दिसायला लागल्या की आजी आजारी वाटायला लागल्या. आजींची सून म्हणाली, “दादा, अंगणात धोतर वाळतंय, पांढरं आहे, चालेल का?” खुर्चीच्या पाठीवर धोतर ताणून ती खुर्ची आजींच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. सावली उघडली, आणि तिचा रंग आता माझ्या हातात होता, भिंतीच्या नव्हे.

म्हणून रंगीत भिंतीच्या लहान खोलीत मी काळीच लावतो. भिंती पांढऱ्या असतील तर पांढरी छत्री कमी कष्टात छान काम देते, फक्त पार्श्वभूमी गडद ठेवायची असेल तर तिचा सांडलेला उजेड तीही उजळवून टाकतो.

आता अंतर. हा पांढरीचा खरा फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. तिची फुगीर बाजू माणसाच्या अगदी जवळ, फ्रेमच्या कडेपर्यंत नेता येते, कारण मध्ये काही नसतं. काळीच्या बाबतीत दांडा, फ्लॅश आणि स्टँड सगळं छत्री आणि माणसाच्या मध्ये येतं. दांडा डोळ्यात जाणार नाही एवढं अंतर ठेवलं तरी कापड आणखी दोन-तीन फूट मागे राहतं. तेव्हा एकट्या माणसाच्या जवळच्या पोर्ट्रेटला मध्यम मापाची पांढरी छत्री त्याच मापाच्या काळीपेक्षा मऊ दिसते, ती जवळ येते म्हणून.

जवळ आणण्याला दुसरी बाजूही आहे. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. पाच माणसं ओळीत असतील, पहिला छत्रीपासून ४ फुटांवर आणि शेवटचा ८ फुटांवर, तर दोघांत साधारण २ स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा, फरक पडतो. पहिला पांढराफटक, शेवटचा काळोखात. तीच छत्री मागे नेऊन पहिला १० फुटांवर आणि शेवटचा १४ फुटांवर आला की फरक १ स्टॉपवर येतो. मागे नेल्यावर मऊपणा टिकवायला छत्री मोठी हवी आणि उजेड वाया जाऊन चालत नाही. कुटुंबाच्या फोटोला २१३ सेंमीची, म्हणजे ७ फुटी काळी छत्री मी याचसाठी बाळगतो.

पण मोठी छत्री घेतली म्हणजे मोठा उजेड मिळाला असं नाही. फ्लॅशचं डोकं १०५ मिमीच्या झूमवर, म्हणजे अरुंद झोतावर, राहिलं तर छत्रीच्या मधलाच तुकडा उजळतो, बाकीचं कापड नुसतं मिरवायला. झूम २४ मिमीवर आणा किंवा डोक्यातली पातळ प्लेट ओढून १४ मिमी करा. खात्री करायची तर एक फोटो छत्रीचाच काढा, एक्सपोजर खूप कमी ठेवून. उजेड काड्यांच्या टोकांपर्यंत पोचला की नाही ते लगेच दिसतं.

गोदाघाटावर संध्याकाळी मला पांढरी आवडते. भिंती लांब, सांडलेला उजेड हवेत विरून जातो. मागचं आकाश आणि देवळांचे दिवे शटरने सांभाळायचे, चेहरा फ्लॅशच्या पॉवरने. फ्लॅश अख्खी फ्रेम उजळवू शकतो अशा सगळ्यात वेगवान शटरला सिंक स्पीड म्हणतात, बहुतेक कॅमेऱ्यांचा तो १/२०० किंवा १/२५० असतो. शटर त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर फोटोत काळी पट्टी येते. नदीवरचा वारा मात्र कुठल्याच छत्रीला जुमानत नाही. ५ लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन स्टँडला लटकवल्याशिवाय मी छत्री उघडत नाही, आणि ७ फुटी तर तिथे नेतच नाही.

भर उन्हात हिशोब उलटतो. आयएसओ १०० आणि शटर १/२०० ला ऊन एफ ११ च्या आसपासचं बारीक अॅपर्चर मागतं. एक साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश, पांढऱ्या कापडातून तिथवर पोचता पोचता दमतो, तेव्हा चंदेरी पोटाची काळी बरी. निफाडकडे द्राक्षबागेत शेतकऱ्याचा फोटो काढायचा असेल तर मांडवाखाली मोठी छत्री उघडतही नाही. तिथे लहान काळीच न्यावी. पांढरी नेली तर वरच्या पानांवर आपटलेला उजेड पुन्हा वाड्यातलाच हिरवा घेऊन येतो.

फोटो बघून कुठली छत्री वापरली ते ओळखायचं असेल तर डोळ्यात बघा, तिथे छत्रीचं प्रतिबिंब ठिपक्यासारखं दिसतं. पांढरीचा ठिपका गोल, मध्ये जास्त उजळ, कडेला मंद. काळीच्या ठिपक्यात मध्ये फ्लॅश आणि स्टँडची सावली दिसते, काड्याही दिसतात. नथीच्या मोत्यात हे डोळ्यापेक्षा स्पष्ट दिसतं. चष्मा असेल तर दोन्ही छत्र्या काचेत पांढरा डाग पाडतात. छत्री आणखी वर न्यायची आणि हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायचं.

एकच घ्यायची असेल तर काळं कव्हर निघणारी पांढरी छत्री मिळते, ती घ्या. कव्हर लावलं की रिफ्लेक्टर, काढलं की थ्रू. पोट पांढरं असल्याने चंदेरीची चमक मिळत नाही, बाकी अडत नाही. माझी तीच छत्री आता सगळ्यात जास्त फिरते. वाड्यात जायचं असलं की मी कव्हर दारातच चढवतो.