पिकअप गाळ्यात लावायची की उघड्यावर? आधी छप्पर आणि भिंत वेगळी करून बघा

मुंबईत पार्किंगचा विषय निघाला की सगळे दोनच शब्द वापरतात, आत आणि बाहेर. गाडी कुठे लावतोस, आत की बाहेर? आत म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं, म्हणजे गाडी जपली जातेय. मी पण कित्येक वर्षं हेच धरून चाललो होतो. भांडुपला आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, गाडी बोलेरो पिकअप, नवीन घेतली तेव्हा घरच्यांनी सांगितलं की एवढे पैसे घातलेत तर रस्त्यावर नको ठेवूस, म्हणून एक शटरवाला गाळा भाड्याने घेतला, तिन्ही बाजूंनी भिंत, पुढे शटर, वर स्लॅब. मागे खिडकी नाही, वरती झरोका पण नाही.

पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये काम नव्हतं, गाडी बारा दिवस जागची हलली नाही आणि ती आत घेतली तेव्हा पावसात भिजलेली होती, मागे मालाच्या हौद्यात ओली ताडपत्री तशीच गुंडाळून टाकलेली. बाराव्या दिवशी शटर वर केलं तर आधी वास आला, ओल्या गोणपाटाचा. काच आतून घामेजलेली. स्टिअरिंगवर पांढरी बुरशी. मागचा फाळका उघडायला गेलो तर बिजागरी जाम, हातोडीने ठोकून मोकळी केली तेव्हा लाल पापुद्रे खाली पडले आणि हौद्याचा पत्रा जिथे कोपऱ्यात दुमडलाय तिथे मी सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. दोन वर्षांची गाडी! त्याच वेळची घेतलेली आमच्या शेजाऱ्याची पिकअप समोरच्या मोकळ्या प्लॉटवर दोन्ही पावसाळे उघड्यावर उभी होती, रंग थोडा उडालेला, पण पत्रा शाबूत. आमच्या डेंटरने एका वाक्यात विषय संपवला, गाडी ओली आत घेतलीस आणि शटर पाडलंस, आता ती वाळणार कुठून?

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की आत-बाहेर हा प्रश्नच बाजूला ठेवा. छप्पर आहे का हा एक प्रश्न आणि भिंत आहे का हा दुसरा. दोन्ही एकत्र धरल्यामुळे सगळा गोंधळ होतो, कारण छप्पर जे काम करतं ते भिंत करत नाही, आणि भिंतीचे जे फायदे-तोटे आहेत त्यांचा छपराशी संबंध नाही.

छप्पर काय करतं ते आधी. ऊन अडवतं, आणि मुंबईत मार्च ते मे आणि मग ऑक्टोबर, हे ऊन रंगाच्या वरच्या क्लिअर कोटला खातं, डॅशबोर्ड चिरतं, वायपरचं रबर कडक करतं. मे महिन्यात उन्हात बंद केबिन पन्नास अंशांच्या वर सहज जाते. बॅटरीचं आयुष्यही उष्णतेनेच जास्त कमी होतं. टायरच्या बाजूला बारीक चिरा पडतात त्या पण उन्हाने, आणि पिकअपचे टायर नक्षी शिल्लक असली तरी आतून म्हातारे होतात, त्यामुळे टायरवरचा चार आकडी नंबर बघत जा, २३२४ लिहिलं असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाऊस अडतो हे तर उघडच आहे. पण छपराचं आणखी एक काम लोकांच्या लक्षात येत नाही, दव. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरच्या गाडीचा टप रात्री आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा थंड होतो आणि सकाळी पाऊस नसतानाही गाडी ओली असते. साध्या पत्र्याच्या शेडखाली, चारही बाजू मोकळ्या असल्या तरी, हे दव जवळजवळ पडतच नाही. झाडाखाली लावली तर दव कमी पडतं हे खरं, पण मग पक्ष्यांची घाण, चिकट रस आणि जूनच्या पहिल्या वादळात गुलमोहराची फांदी. गुलमोहराखाली तर मी कधीच लावत नाही, ते लाकूड फार ठिसूळ.

आता भिंत. भिंत चोर अडवते, आणि पिकअपवाल्याला हे छोटं नाही, कारण आपली स्टेपनी बॉडीखाली लटकलेली असते, काही गाड्यांची बॅटरी बाहेरून हाताला येते, डिझेल टाकीला हात पोचतो, आणि माल हौद्यात असेल तर ताडपत्रीची दोरी कापायला किती वेळ लागतो. त्यासाठी शटर हवं, मान्य. पण भिंत वारा पण अडवते, आणि आपली सगळी गडबड तिथेच आहे.

गंज कसा धरतो ते थोडं सांगतो. पत्र्यावर पाण्याचा पातळ थर जितके तास राहील तितके तास गंज चालू. किती पाणी पडलं याला फार महत्त्व नाही, किती वेळ ओलं राहिलं याला आहे. त्यात आपल्याकडे खारी हवा. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच हवेतून पाणी ओढून विरघळतं, म्हणजे पत्र्यावर मिठाचा कण बसला असेल तर पाऊस न लागताही तिथे ओल तयार होते. आणि पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते. म्हणजे बंद गाळ्यात ओली गाडी, तिच्या इंजिनाची ऊब, वारा शून्य, आणि ओल बाहेर जायला वाट नाही, हे सगळं जमून येतं. उघड्यावरची गाडी पावसात भिजते पण पाऊस थांबून दोन तास वारा लागला की वरून तरी सुकते.

अजून एक गोष्ट आहे जी मला वेसाव्याच्या मामांकडून कळली, ते मासळीची गाडी चालवतात. उघड्यावरच्या गाडीचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पण छपराखालच्या गाडीवर बसलेलं मीठ तसंच राहतं, आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, चाकांच्या कमानीत तर पाऊस तसाही पोचत नाही. म्हणून वरळी, माहीम, वर्सोवा, समुद्राच्या जवळपास कुठेही छपराखाली लावत असाल तर आठवड्याला एकदा खालून गोड्या पाण्याने धुवायलाच हवी, नाहीतर छपराचा अर्धा फायदा गेला. मासळीवाल्यांचा तर वेगळाच त्रास, बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून थेट चेसिसवर गळतं. मामा भाऊच्या धक्क्यावरून परत आले की आधी हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करतात, मग पाइप खाली धरतात, चहा नंतर. त्यांची गाडी कोळीवाड्यात उघड्यावरच असते आणि नऊ वर्षं झाली, चेसिस बघा, ठणठणीत आहे. आठ वर्षांच्या पुढे व्यावसायिक गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी असतं, आणि तिथे फ्लोअर सडलेलं निघालं की काम वाढतं, म्हणून ते याबाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

मग सगळ्यात चांगलं काय? माझ्या मते बाराही महिने धरले तर वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, म्हणजे बिल्डिंगखालचं स्टिल्ट पार्किंग किंवा साधी पत्र्याची शेड. दुसऱ्या नंबरवर, पावसाळ्यापुरतं बोलतोय, मोकळं मैदान, फक्त पाणी तुंबणारं नको. आणि हवा न खेळणारा शटरचा गाळा तिसरा. उन्हाळ्यात क्रम बदलतो, तेव्हा गाळा उघड्यापेक्षा कितीतरी बरा. गाळा हातचा असेल तर सोडा असं मी म्हणत नाही, मी पण सोडला नाही, पण शटरच्या वरची पट्टी काढून तिथे जाळी बसवली, मागच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन लावला, आणि ओली गाडी आली की केबिनच्या काचा दोन बोटं खाली, फाळका उघडा, ताडपत्री बाहेर दोरीवर. जाळी बारीक घ्या, कारण बंद जागेत उंदीर-घुशी वायरिंग कुरतडतात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, शटर पाडून आत इंजिन चालू ठेवू नका आणि ड्रायव्हरला एसी लावून आत झोपू देऊ नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

बेसमेंटचं वेगळं सांगायला हवं. बेसमेंट म्हणजे छप्पर आणि भिंत दोन्ही, शिवाय खाली उतरणारा रॅम्प. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेवढा कशाला, त्याचा चौथा हिस्सा पडला तरी पाणी आधी खालीच जाणार. रेड अलर्ट आला की गाडी वर काढून उंचावर लावा. पाण्यात बुडालीच तर चावी फिरवू नका, इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो खर्च साधी पॉलिसी बहुतेक वेळा देत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीच मिळत नाही.

जागा विकत घेणाऱ्यांसाठी पण हा छप्पर-भिंतीचा हिशोब कामाचा आहे, कारण कायदा अगदी हाच फरक करतो. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंत असलेली जागा, उघडी पार्किंग त्यात येत नाही. उघडी पार्किंगची जागा बिल्डरला पैसे घेऊन विकता येत नाही, हे महारेराने, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय, गॅरेज किंवा कव्हर्ड पार्किंग विकलं तर ते करारात नीट लिहायला हवं. त्याआधी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच एका सोसायटीच्या केसमध्ये सांगितलं होतं की स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ते मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्याखाली. त्यामुळे दलाल नुसतं पार्किंग आहे म्हणाला की विचारा, वर काय आणि बाजूला काय, आणि करारात कुठला शब्द आहे.

आणि टेप घेऊन जा. महापालिकेच्या नियमात मोठ्या गाडीची जागा अडीच बाय साडेपाच मीटर, छोटीची २.३ बाय साडेचार. आपली मोठ्या हौद्याची पिकअप पाच मीटरच्या वर जाते, म्हणजे छोट्या खणात बसतच नाही, नाक किंवा फाळका बाहेर आणि मग सोसायटीत रोज भांडण. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, बसतो, तो चार मीटरच्या आत आहे. दादरला हिंदू कॉलनीसारख्या जुन्या इमारतींच्या मागे जी मोटार ठेवायची गॅरेज आहेत ती फियाटच्या जमान्यातली, फियाट चार मीटरची पण नव्हती, तिथे पिकअप घालायचा विचारच करू नका. उंची मोजताना हौद्यावरचा पाइपचा सांगाडा धरून मोजा आणि स्लॅबपर्यंत न मोजता बीमपर्यंत मोजा, शिवाय धंद्याच्या गाडीची पिवळी नंबर प्लेट सोसायटीत चालते का ते कमिटीला आधी लेखी विचारून घ्या.

उघड्यावर लावणाऱ्यांना दोन-चार गोष्टी. प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालू नका, आत वाफ कोंडते, म्हणजे तुम्ही स्वतः शटर पाडल्यासारखंच झालं, आणि वाऱ्याने कव्हर फडफडलं की त्याखालची धूळ रंग घासून काढते. हौद्यात रबरी मॅट असेल तर पावसाळाभर काढून ठेवा. नाक थोडं वर राहील अशी उभी करा म्हणजे पाणी मागून निघून जातं. खालून अँटी-रस्ट मे महिन्यात, गाडी पूर्ण कोरडी असताना, गंज असेल तर तो घासून मगच, आणि मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहा, ते लोक घाईत पाणी जायची भोकंच बुजवून टाकतात.

हँडब्रेकचं राहिलंच. चार-पाच दिवस गाडी हलणार नसेल तर, आत असो की बाहेर, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळा लावा. माझे ठोकळे मंडपाच्या जुन्या बल्लीचे आहेत, कापून दोरीने एकमेकांना बांधलेत, म्हणजे काढताना एक विसरत नाही.