कुत्रा, कॅनव्हास आणि वाईन : मुंबईतल्या एका छंदाची पार्श्वभूमी

वांद्रे, वर्सोवा, लोअर परळ या भागांत शनिवार-रविवारच्या संध्याकाळी भरणारे चित्रकलेचे वर्ग आता नवे राहिलेले नाहीत. तिकिटात कोरा कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग, दोन-तीन ब्रश आणि वाईनचा एखादा ग्लास मिळतो. त्यातले काही वर्ग खास कुत्रेवाल्यांसाठी असतात. आपल्या कुत्र्याचा फोटो आधी पाठवायचा, त्याची पेन्सिलने काढलेली बाह्यरेषा कॅनव्हासवर तयार मिळते, रंग आपण भरायचे. या वर्गांची पद्धत २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत फोफावली आणि तिथून इकडे आली. पण मुंबईत ती रुजायला इथल्या दोन गोष्टी जागेवर याव्या लागल्या. वाईनला परमिट रूमच्या अंधारातून बाहेर यावं लागलं आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला जगू द्यायचं हे शहराला मान्य करावं लागलं. पहिलं काम अर्धवट राहिलं आहे आणि दुसऱ्याचा वाद अजून न्यायालयात आहे.

चित्रातला कुत्रा मात्र आपल्याकडे जुनाच. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाबरोबर त्याचा कुत्रा, मुघल शिकारचित्रांतले सडपातळ ताजी कुत्रे, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रायगडावरची वाघ्याची समाधी आणि तिच्यावरून होणारे वाद इथे पुन्हा सांगायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत रवि वर्मा छापखाना सुरू झाला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगीत छापील देवदेवता त्याच्यामुळे चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोहोचल्या, आणि दत्ताच्या तसबिरीबरोबर कुत्रेही भिंतीवर आले. मराठी घरात शिरलेलं कुत्र्याचं पहिलं चित्र बहुधा हेच असावं.

दुसरं चित्र तबकडीवरून आलं. ग्रामोफोनच्या कर्ण्याकडे कान देऊन बसलेला तो पांढरा कुत्रा ब्रिस्टलचा. १८९५ साली तो मेला. त्याच्या मालकाच्या चित्रकार भावाने त्यानंतर काही वर्षांनी त्याचं चित्र काढलं. मूळ चित्रात कुत्र्यासमोर नळकांडी वाजवणारं फोनोग्राफ यंत्र होतं. ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली चित्र विकत घेताना अट घातली, की जुनं यंत्र पुसून तिथे आमचं यंत्र रंगवून द्यावं. चित्राचे ५० पौंड आणि हक्कांचे ५० पौंड असा सौदा झाला. पुढे हा कुत्रा नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्यांवर बसून इथल्या घराघरांत गेला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीबरोबर तोही गरगर फिरायचा, आणि गाणं संपल्यावर थांबला की पुन्हा नीट दिसायचा. ज्या घरांत कधी कुत्रं पाळलं गेलं नाही, त्या घरांतल्या मुलांनाही हा कुत्रा ओळखीचा होता. कुत्र्याचं चित्र काढायला बसलेल्या माणसाने मान कलती ठेवण्यामागे आजही हे चित्र असतं, असं माझं मत आहे.

शहर आणि कुत्रे यांच्या नात्यातली सगळ्यात मोठी घटना १८३२ सालची. मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम होता, मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. ६ जूनला फोर्टमध्ये पारशी मंडळी शिपायांवर चालून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. हिंदू, जैन, इस्माइली व्यापारीही त्यात होते. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं खाण्याचं सामान अडलं, लष्कर बोलवावं लागलं. पारशांच्या अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याला दाखवण्याचा 'सगदीद' हा संस्कार असतो, म्हणून त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दयेपुरता नव्हता, धर्माचा होता. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरापोळ, म्हणजे बेवारस जनावरांचा आश्रय, उभी राहिली. तिला पैसा पुरवणाऱ्यांत पारशी आणि जैन दोघेही होते. १८८० नंतरच्या दशकात परळला जनावरांचं इस्पितळ आलं.

वाईनचा रस्ता जास्त खडतर होता. गोऱ्या साहेबांच्या आणि श्रीमंत पारशांच्या टेबलावर ती होतीच, पण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सगळ्यांचंच पिणं कागदाला बांधलं. १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर बंदी आली. डॉक्टरच्या दाखल्यावर मिळणारा हेल्थ परमिट आणि गल्लीबोळांत चोरून दारू विकणारे आंटीचे अड्डे, असे दोन मार्ग उरले. १९६० नंतर बंदी सैल झाली, कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही नियमाने एका दिवसाचा ५ रुपयांचा किंवा आयुष्यभराचा १,००० रुपयांचा परवाना लागतो, आणि दारू प्रकृतीच्या रक्षणासाठी घेत असल्याचं त्यावर छापलेलं असतं. अशा वातावरणात पिण्याची जागा म्हणजे काळ्या काचा आणि मंद दिवे. तिथे ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायची घोडी, मांडायला उजेडच नव्हता.

बदल द्राक्षांमुळे झाला. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावच्या एका कारखान्याने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाईन करून परदेशात पाठवली. १९९० च्या दशकाच्या शेवटी नाशिकला खास वाईनच्या जातींची लागवड सुरू झाली. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ ही नावं बागायतदारांच्या तोंडी बसली. एप्रिलची खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) हे वेळापत्रक टेबलावर खायच्या द्राक्षासारखंच, फक्त माल जानेवारी ते मार्चमध्ये थेट वायनरीत जातो. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क ठरवले. पाठोपाठ नाशिकला चाखण्याच्या खोल्या उघडल्या. मोठ्या खिडक्या, समोर बाग, हातात ग्लास, आणि हे सगळं दिवसाउजेडी. मुंबईहून गाडी काढून जाणाऱ्यांनी ही सवय परत येताना शहरात आणली. २००८-०९ च्या मंदीत माल पडून राहिला, कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून टाकल्या, नारायणगावचा तो कारखानाही बुडाला. पुढच्या वादात ही आठवण कुणी फारशी काढली नाही, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

तो वाद २०२२ चा. २७ जानेवारीला राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की सुपरमार्केटमध्ये आणि मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकता येईल. अटी कमी नव्हत्या. दुकान किमान १०० चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण हजार चौरस फूट. वाईनसाठी वेगळं, कुलूप लागणारं, सव्वादोन घनमीटरचं कपाट हवं. शाळा आणि देवळांच्या जवळ परवानगी नाही. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत अजिबात नाही. परवान्याची वार्षिक फी ५,००० रुपये. मुंबईतल्या किराणा दुकानांचे गाळे पाहिले, तर बहुतेक दुकानं पहिल्याच अटीत बाद होत होती. तरी 'किराणा दुकानात दारू' असं चित्र उभं राहिलं. सत्तेतले म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघाले आहेत. एका ज्येष्ठ समाजसेवकांनी उपोषणाचा इशारा दिला. मग सरकारने मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्या आणि उपोषण टळलं. जूनअखेर सरकार बदललं. निर्णय अंमलात आला नाही.

विरोध करणाऱ्यांची एक बाजू खरी होती. ज्या घरात पिण्यामुळे संसार मोडला आहे, त्या घरच्या बाईला वाईन आणि दारू यांतला फरक समजावून सांगणं क्रूरपणाचं आहे. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, आणि ते अल्कोहोलच आहे. मंत्र्यांनी हा फरक पुढे केला आणि चांगला निर्णय लंगडा केला. त्यांनी नाशिक-सांगलीच्या बागायतदाराचं गणित मांडायला हवं होतं: वाईनची द्राक्षं बाजारात खायला विकली जात नाहीत, त्यांत बिया असतात, मणी बारीक असतात. वायनरीने उचलली नाहीत तर ती मातीमोल होतात. वाईनवर २० टक्के व्हॅट घेऊन त्यातले १६ टक्के कारखान्यांना परत करायची योजना राज्य राबवत होतं, पण विक्रीच्या जागाच मोजक्या असतील तर त्या परताव्याने बागेचा प्रश्न सुटत नाही. शिवाय वाईन दुकानाच्या जाळीबाहेर, पुरुषांच्या गर्दीत हात घालून बाटली घेणं अनेक बायकांना नकोसं वाटतं. धान्याच्या फडताळाशेजारी स्वच्छ उजेडात ती मिळाली असती, तर वाईनचं पिणंही उजेडात आलं असतं. माझ्या मते ही संधी गेली. चित्रांच्या संध्याकाळी वाढल्या त्याचं एक कारण मला हेच दिसतं. घरी नेण्याची सोय झाली नाही, म्हणून कार्यक्रमापुरता परवाना काढून, निमित्त जोडून, ग्लास भरणं सोपं ठरलं. आयोजक एका दिवसाच्या परवान्यासाठी उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज करतात आणि पाहुण्यांचे परमिट वेगळे बघतात.

याच काळात कॅनव्हासवरचा कुत्राही बदलला. आधी लॅब्राडोर, पग, गोल्डन रिट्रीव्हर रंगवले जायचे. २००५ साली टपाल खात्याने हिमालयन शीपडॉग, रामपूर, मुधोळ आणि राजपालयम या चार देशी जातींची तिकिटं काढली आणि देशी कुत्र्यांना थोडा मान मिळाला. पण रस्त्यावरच्या कुत्र्याला चित्रात जागा मिळाली ती कायद्यातून. १९९० च्या दशकात मुंबईत कुत्रे मारणं थांबून नसबंदी सुरू झाली. २००१ साली केंद्राने त्याचे नियम केले. डिसेंबर २००८ मध्ये उच्च न्यायालयाच्या बहुमताने उपद्रवी कुत्रे मारायला मुभा दिली, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१४ च्या पालिकेच्या गणनेत शहरात सुमारे ९५ हजार मोकाट कुत्रे निघाले. २०२३ मध्ये नवे नियम आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्रे हलवायला आणि नसबंदीनंतरही तिथे परत न सोडायला सांगितलं. चाव्यांची भीती खोटी नाही. पण ज्यांनी स्टेशनबाहेरच्या कुत्र्याला वर्षानुवर्षं बिस्किटं घातली, त्यांच्यासाठी हा आदेश फार कठोर आहे.

नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराची खाच पाडतात. वर्गात इंडी, म्हणजे रस्त्यावरचा देशी, कुत्रा रंगवणारे ती खाच आवर्जून काढतात. अंगाला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना एकत्र करून घ्यायचं, नाकाला नुसता काळा न लावता त्यात थोडा निळा मिसळायचा म्हणजे ओलेपणा दिसतो, डोळ्यात शेवटी टायटॅनियम व्हाइटचा एक ठिपका. कान मात्र फोटोप्रमाणेच हवा, कारण त्या खाचेवरून गल्लीतली माणसं त्याला ओळखतात. एक काकू शिकवणाऱ्या मुलाला सांगत होत्या, "खाच नीट काढून द्या हो, नाहीतर हा आमचा मोत्या वाटणारच नाही."

कुत्रा प्रत्यक्ष आणायचा असेल तर आणखी एक नियम आडवा येतो. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या अनुसूचीत खाद्यगृहाच्या आवारात पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत असं म्हटलं आहे. त्यामुळे जाणते आयोजक स्वयंपाकघर नसलेली जागा, गच्ची किंवा मोकळं अंगण घेतात, आणि चीज-बिस्किटं बाहेरून बांधून आणतात.

त्या चीजबरोबर द्राक्षं आणि बेदाणे मांडायची पद्धत आहे, ती कुत्र्यांच्या संध्याकाळी बंद करावी. द्राक्षं खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण उमगत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत असतं आणि वाईनला आंबटपणाही त्यानेच येतो. उष्ण हवेत द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं, म्हणून आपल्याकडचे वाईनकार ते वरून घालतातही. अल्कोहोल तर कुत्र्याला वेगळं विष आहेच. ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवा, सांडलेली वाईन लगेच पुसा, ब्रश धुतलेलं पाणी खाली ठेवू नका, आणि कुत्र्यासाठी साध्या पाण्याचा वाडगा आल्याबरोबर मागून घ्या.