लंबक, हिरा आणि शब्दाचा अर्थ

'या वादाला काही अर्थ नाही,' असं आपण म्हणतो तेव्हा वादातले शब्द आपल्याला कळलेले नसतात असं नाही. शब्द न् शब्द कळलेला असतो. सांगायचं एवढंच असतं, की यात कोणीही जिंकलं तरी पुढे काहीच फरक पडणार नाही. 'आता तिकडे जाण्यात अर्थ नाही' हेही तसंच. मराठीत 'अर्थ' नुसता शब्दाला चिकटून बसत नाही, तो पुढे काय घडणार याच्याशीही जोडलेला असतो.

दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसाने हाच धागा धरून अर्थाचा अख्खा सिद्धांत उभा केला. चार्ल्स सँडर्स पर्स त्याचं नाव. (आडनाव इंग्रजीत वाचून बरेच जण 'पिअर्स' म्हणतात, उच्चार 'पर्स' असा आहे.) जन्म 1839चा, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा, वडील बेंजामिन पर्स हार्वर्डमध्ये गणिताचे प्राध्यापक. पण मला त्याच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्याची नोकरी. 1859 ते 1891 अशी तीसहून अधिक वर्षं तो अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याच्या कामात होता, आणि त्यातला मोठा काळ गुरुत्वाकर्षण मोजण्यात गेला. अर्थ म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्याकडे ग्रंथालयातून आला तसा मोजमापाच्या टेबलावरूनही आला.

गुरुत्वाकर्षण मोजायचं साधन म्हणजे लंबक. लंबकाची लांबी माहीत असेल आणि एका झोक्याला किती वेळ लागतो हे अचूक मोजलं, तर त्या जागी पृथ्वीची ओढ किती आहे हे गणिताने काढता येतं. ओढ जास्त तर झोका चटकन संपतो, कमी तर रेंगाळतो. सुमारे एक मीटर लांबीचा लंबक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साधारण एक सेकंद घेतो. जागा बदलली की या सेकंदात जो फरक पडतो तो अगदी सूक्ष्म असतो, म्हणून हजारो झोके मोजावे लागतात. 1875 मध्ये पर्स युरोपला गेला आणि जिनिव्हा, पॅरिस, बर्लिन अशा ठिकाणी त्याने ही मोजणी केली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की लंबक झुलतो तेव्हा तो ज्या स्टँडला टांगलेला असतो तो स्टँडही किंचित, डोळ्याला दिसणार नाही इतका, इकडून तिकडे हलतो. त्याने झोक्याचा वेळ वाढतो, आणि पृथ्वीची ओढ आहे त्यापेक्षा कमी असल्याचा आकडा हाती येतो. आधीच्या मापनांत हा दोष शिरलेला होता.

ही नुसती तांत्रिक दुरुस्ती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. झोक्याचा वेळ हे एक चिन्ह आहे. लोक ते 'पृथ्वीची ओढ' असं वाचत होते. पर्सने दाखवलं, की ते चिन्ह 'पृथ्वीची ओढ आणि स्टँडचं वाकणं' या दोन्हींबद्दल एकदम बोलतंय. चिन्ह तेच, आकडा तोच, पण त्यावरून करायची पुढची आकडेमोड बदलली, म्हणजेच त्याचा अर्थ बदलला.

हा दोष युरोपातल्या भूमापनतज्ज्ञांपुढे मांडायला 1877 मध्ये तो स्टुटगार्टच्या परिषदेला निघाला. तिथे फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. बोटीवर फ्रेंचचा सराव व्हावा म्हणून त्याने एक लेख थेट फ्रेंचमध्ये लिहून काढला. आपल्या कल्पना स्पष्ट कशा कराव्यात, हा त्या लेखाचा विषय. जानेवारी 1878 मध्ये तो 'पॉप्युलर सायन्स मंथली' या मासिकात इंग्रजीत छापून आला. कल्पनेचा अर्थ तिच्या परिणामांत शोधणाऱ्या या विचाराला पुढे 'फलप्रामाण्यवाद' (इंग्रजीत 'प्रॅग्मॅटिझम') म्हटलं गेलं. हे नाव त्या लेखात कुठेच नाही, पण त्या विचाराचा पाया तिथेच घातला गेला.

लेखातली कसोटी थोडक्यात अशी: एखाद्या कल्पनेचा अर्थ हवा असेल तर त्या कल्पनेतल्या वस्तूचे असे कोणते परिणाम आपण धरतो, ज्यांचा आपल्या व्यवहाराशी संबंध येऊ शकेल, ते बघा. त्या परिणामांची कल्पना हीच त्या वस्तूची आपली संपूर्ण कल्पना. 'जड' म्हणजे काय? आधार काढला तर खाली पडेल. 'कठीण' म्हणजे काय? इतर बहुतेक पदार्थांनी घासलं तरी ओरखडा उठणार नाही. याच्यापलीकडे 'कठीणपणा' नावाचं काही वेगळं सत्त्व पदार्थाच्या पोटात दडलेलं आहे आणि ते शोधायचं राहिलंय, असं समजायचं कारण नाही.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. अडचण पुढे आहे, आणि ती पर्सने स्वतःच उभी केली. समजा, मऊ कापसाच्या गादीत एक हिरा तयार झाला आणि शेवटी जळून जाईपर्यंत तो तिथेच पडून राहिला. त्याला कोणी कधी हात लावला नाही, कशाने घासलं नाही. तो हिरा कठीण होता का?

1878 मध्ये पर्सने दिलेलं उत्तर आज वाचताना खटकतं. त्याचं म्हणणं होतं, की हा प्रश्न वस्तुस्थितीचा नाही, बोलण्याच्या सोयीचा आहे. कसोटीच लागली नाही, तर कठीण म्हणा की मऊ म्हणा, फरक पडत नाही. कसोटीला शब्दशः धरलं तर हे बरोबरही वाटतं. पण मग मोजायच्या आधी लंबकावर पृथ्वीची ओढ नव्हती का?

1905 मध्ये त्याने हे उत्तर मागे घेतलं. त्याचा युक्तिवाद मला फार पटतो. हिरा म्हणजे कार्बनचा स्फटिक. त्याची घनता, तो प्रकाश किती वाकवतो, त्याची रचना, या सगळ्या गोष्टी त्याच्या कठीणपणाशी बांधलेल्या आहेत. एक गुण सुटा काढून 'हा तेवढा नव्हता' असं म्हणता येत नाही. त्या हिऱ्याला कोणी घासलं नाही हे खरं, पण घासलं असतं तर ओरखडा उठला नसता, हेही तितकंच खरं. म्हणजे अर्थ प्रत्यक्ष घडलेल्या परिणामांत संपत नाही. 'असं केलं तर तसं होईल' या शक्यतेत तो असतो, आणि अशा शक्यता जगात खरोखर असतात. सगळ्या फलप्रामाण्यवादातला कळीचा मुद्दा कोणता असं विचारलं तर मी या 'तर'कडे बोट दाखवेन. तो काढून टाकला की उरतं ते फक्त 'जे दिसलं तेवढंच खरं', आणि त्यावर विज्ञान उभं राहत नाही.

हा विचार पर्स किती गंभीरपणे घेत होता हे बघायचं तर त्याची लिथियमची व्याख्या वाचावी. 1903च्या सुमाराची आहे. पाठ्यपुस्तकात लिथियम म्हणजे अमुक अणुभाराचं मूलद्रव्य, एवढं लिहिलेलं असतं. पर्स सांगतो: काचेसारखी, अर्धपारदर्शक, करडी किंवा पांढरी, खूप कठीण, ठिसूळ आणि न विरघळणारी खनिजं शोधा. त्यांतलं कोणतं खनिज निस्तेज ज्योतीला किरमिजी रंग देतं ते बघा. ते चुन्याबरोबर कुटून वितळवा. मग ते हायड्रोक्लोरिक आम्लात काही अंशी विरघळेल. द्रावण आटवा, उरलेल्या गाळावर गंधकाम्लाची प्रक्रिया करा, शुद्ध करा, त्याचं क्लोराइड बनवा, ते वितळवून त्यातून पाच-सहा जोरदार बॅटऱ्यांची वीज सोडा. गुलाबीसर चंदेरी धातूचा एक थेंब मिळेल आणि तो पेट्रोलवर तरंगेल. तो पदार्थ म्हणजे लिथियम.

ही व्याख्या हातात घेऊन माणूस उठतो आणि कामाला लागतो. शब्दाच्या बदल्यात दुसरे शब्द देऊन ती थांबत नाही, त्या शब्दाची वस्तू समोर येईपर्यंत काय काय करायचं ते सांगते.

'फलप्रामाण्यवाद' हे आपल्याकडे रुळलेलं नाव मात्र जपून वापरायला हवं. 'फल' म्हटलं की फायदा डोळ्यासमोर येतो आणि 'जे उपयोगी ते खरं' असा सोयीचा समज होऊन बसतो. पर्सचं फल म्हणजे परिणाम. तो फायद्याचा असो वा तोट्याचा, आपल्याला आवडो वा न आवडो. या गोंधळाला मराठीच जबाबदार आहे असं नाही. विल्यम जेम्स हा पर्सचा मित्र, मोठा मानसशास्त्रज्ञ. 1898 मध्ये त्याने एका व्याख्यानात या विचाराचं नाव जाहीरपणे घेतलं, 1907च्या पुस्तकाने ते घरोघरी पोचवलं, आणि अर्थाची कसोटी सत्यालाही लावली. पर्सला हा विस्तार मानवला नाही. त्या पुस्तकाच्या आधीच, 1905 मध्ये, त्याने स्वतःच्या मताचं नाव मुद्दाम थोडं बदललं, आणि हे नाव इतकं कुरूप आहे की कोणी पळवणार नाही, असंही लिहिलं. तरी जेम्सचं एक उदाहरण सोडवत नाही. झाडाच्या बुंध्याला एक खार चिकटलेली आहे. माणूस झाडाभोवती फिरतो, तशी खारही बुंध्यावरून सरकते आणि सतत त्याच्या विरुद्ध बाजूला राहते. माणूस खारीभोवती फिरला का? 'भोवती फिरणं' म्हणजे तिच्या उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही दिशांना जाणं असेल तर हो. तिच्या पुढून, उजवीकडून, मागून, डावीकडून जाणं असेल तर नाही. वाद तिथेच मिटतो.

आता चिन्हांकडे. पर्सने चिन्हांच्या तीन जाती सांगितल्या त्या प्रसिद्ध आहेत. चित्र किंवा नकाशा वस्तूशी असलेल्या साम्यामुळे चिन्ह होतो. धूर, पावलांचा ठसा, वारा दाखवणारा कोंबडा किंवा लंबकाचा झोका हे वस्तूशी प्रत्यक्ष जोडलेले असल्यामुळे चिन्ह होतात. आगीतून धूर निघतो, ही प्रत्यक्ष जोडणीच तिथे बोलते. आणि बहुतेक शब्द केवळ रूढीमुळे चिन्ह होतात. 'झाड' या आवाजात झाडासारखं काही नाही. या जाती एकमेकींत मिसळतात. फोटो वस्तूसारखा दिसतो, पण तो पुरावा म्हणून चालतो तो वस्तूवरून आलेल्या प्रकाशानेच उमटलेला असतो म्हणून.

पण मला वाटतं, पर्सचं खरं देणं या जातवारीत नाही. चिन्ह आणि वस्तू ही जोडी आपण सगळेच मानतो. पर्स म्हणतो, तिसरं काहीतरी नसेल तर ही जोडीच बनत नाही. ते तिसरं म्हणजे चिन्हाने घडवलेला परिणाम. त्याला आपण 'बोध' म्हणू. धूर आणि आग कोट्यवधी वर्षं एकत्र होते; पण धुरामुळे कोणीतरी आगीला सामोरं जायला तयार झालं, तेव्हा धूर चिन्ह म्हणून वाचला गेला.

हा बोध कसकसा असू शकतो, ते 1907च्या एका हस्तलिखितात आहे. एखादी सुरावट ऐकून मनात भावना उमटते; तो एक बोध. अधिकारी सैनिकांना 'शस्त्रं खाली' असा हुकूम देतो आणि बंदुका जमिनीला टेकतात. ती कृती हाही बोधच. शब्द ऐकून दुसरा विचार सुचतो, तोही बोध, पण इथे पेच आहे. तो दुसरा विचार पुन्हा एक चिन्हच. त्याचा अर्थ तिसऱ्या विचारात, तिसऱ्याचा चौथ्यात. शब्दकोशात एक शब्द शोधायला जावं आणि पानापानांतून फिरत पुन्हा त्याच शब्दाशी यावं, तसं. ही साखळी थांबते कुठे?

पर्सचं उत्तर: सवयीत. सवय म्हणजे रोजचा परिपाठ नव्हे. अमुक प्रसंग आला आणि अमुक हवं असेल तर अमुक तऱ्हेने वागायची तयारी. स्टँड हलतो हे कळलेला मापक पुढच्या वेळी लंबक टांगताना आधी स्टँड तपासतो आणि आकड्यात दुरुस्ती धरतो. त्याला ते शब्दांत घोकावं लागत नाही. त्या ज्ञानाचा शेवटचा अर्थ त्याच्या या तयारीत आहे. आणि तयारी ही पुन्हा 'तर'चीच गोष्ट आहे. घासलं तर ओरखडा उठणार नाही, हा हिऱ्याचा स्वभाव. टांगला तर आधी तपासेन, हा मापकाचा. जगातल्या शक्यतेला माणसातली तयारी उत्तर देते.

जॉर्ज हर्बर्ट मीड या अमेरिकन तत्त्वज्ञाने पुढे असाच विचार माणसामाणसांतल्या खुणांना लावला: माझ्या खुणेचा अर्थ तू तिला जो प्रतिसाद देशील त्यात असतो, आणि तो प्रतिसाद मला आधीच जाणवू लागला की खूण भाषा बनते.

या सगळ्याचा पडताळा बघायचा तर केनियातल्या अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांकडे जावं. रॉबर्ट सेफर्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांचा तिथला अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माकडं बिबट्या, गरुड आणि साप दिसल्यावर तीन वेगवेगळे आवाज काढतात. संशोधकांनी ते ध्वनिमुद्रित केले आणि कोणताही शिकारी जवळपास नसताना लपवलेल्या स्पीकरवरून ऐकवले. बिबट्याचा आवाज वाजला की जमिनीवरची माकडं झाडावर पळाली. गरुडाचा वाजला की त्यांनी वर पाहिलं, काही झुडपांत शिरली. सापाचा वाजला की ती गवतात खाली बघू लागली.

माकडाच्या डोक्यात बिबट्याचं चित्र उमटलं का, हे कोणालाच पाहता येत नाही. त्या आवाजाचा अर्थ मात्र संशोधकांनी पाहिला, मोजला: झाड, आकाश, गवत. आणि पिल्लं हा अर्थ चुकत चुकत शिकतात. गरुडाचा आवाज ती सुरुवातीला निरुपद्रवी पक्ष्यांनाही बघून काढतात; वय वाढतं तशी ही यादी आखडत जाते, आणि शेवटी मुख्यतः ज्या पक्ष्यांपासून खरंच धोका आहे तेच तिच्यात उरतात.