एक ग्रॅम टाकणखार आणि जुने कोल्ड क्रीम

थंडी पडली की मोबाईलवर 'केमिकल-फ्री घरगुती क्रीम'चे व्हिडिओ सुरू होतात. मेण, तेल, गुलाबपाणी घ्या आणि घोटा, झाले! तेल आणि पाणी नुसत्या घोटण्याने फार वेळ एकत्र राहत नाहीत. परभणी-हिंगोलीकडे हातपाय उलायला लागले की दुकानामागच्या खोलीत क्रीम घोटणाऱ्या जुन्या औषधविक्रेत्याला हे पक्के ठाऊक असायचे.

१०० ग्रॅम कोल्ड क्रीमसाठी मधमाशीचे मेण १६ ग्रॅम, लिक्विड पॅराफिन (खनिज तेलापासूनचे पातळ, बिनवासाचे तेल) ५०, पाणी ३३ आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स १ ग्रॅम. सगळी मेख या शेवटच्या ग्रॅममध्ये आहे. मेणात सेरोटिकसारखी मुक्त मेदाम्ले (फॅटी ॲसिड) असतात. टाकणखार पाण्यात विरघळून अल्कली देतो. दोघे भेटले की जागच्या जागी साबण तयार होतो, आणि तोच तेल-पाणी बांधून ठेवतो. एक ग्रॅम मेणातले आम्ल मारायला साधारण १७ ते २४ मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश (आम्ल मोजायचा प्रमाण अल्कली) लागते. २० धरले तर १६ ग्रॅमला ३२० मिलिग्रॅम, आणि तेवढ्या कामाला टाकणखार १.०९ ग्रॅम, म्हणजे जवळपास तोच एक ग्रॅम. खार जास्त झाला तर गार झाल्यावर त्याचे खडे बनतात, क्रीम बोटाला कचकचते. कमी पडला तर साबण अपुरा राहतो आणि पाणी सुटते. मेणात पॅराफिन मेणाची भेसळ असेल तर सगळे मोजमाप बरोबर असूनही कचकच येते, कारण पॅराफिन मेणात आम्लच नाही, खार उरतो.

दुसरी खोड पाण्याची. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम या नव्या साबणालाही धरते, न विरघळणारा चोथा होतो आणि क्रीम दाणेदार बनते. म्हणून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच घ्यायचे.

मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते. मेण आणि लिक्विड पॅराफिन एका भांड्यात, खार-पाणी दुसऱ्यात, दोन्ही उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून ७० अंशांवर आणायची. मग पाण्याची बारीक धार तेलात सोडत ढवळायचे. पाणी गार असले तर मेण तिथेच गोठून गुठळ्या होतात. 'एकाच दिशेने ढवळा, नाहीतर क्रीम फाटते' ही निव्वळ समजूत. दिशा कुठलीही चालते, खंड पडू नये आणि हवा कोंडू नये एवढेच.

लिक्विड पॅराफिनऐवजी करडईचे तेल घालायचा मोह इकडे होणारच. पण त्यातले लिनोलेइक आम्ल हवेने लवकर बिघडते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डबी खवट मारते.

गुलाबाचे अत्तर ४५ अंशांखाली, दोन-चार थेंब. त्याआधी घातले तर वास खोलीतच उडून जातो. क्रीम कोमट असतानाच डब्यांत ओतायचे, म्हणजे वरचा थर गुळगुळीत बसतो. झाकण मात्र पूर्ण गार झाल्यावरच लावायचे. नाहीतर आत वाफ धरते, तिचे थेंब क्रीमवर पडतात आणि काही दिवसांत तिथेच बुरशी येते.